खळ मांजराने खाल्ली

सूनबाई,

तुझा विश्वास बसणार नाही. माझाही बसला नव्हता. तू सांगितलंस तशी मी पुस्तक चिकटवायला मैद्याची खळ शिजवली. ती इतकी झकास झाली, की मांजराने वाटी चाटूनपुसून साफ केली. मिशा चिकटल्यामुळे बिचाऱ्याला अजून तोंड उघडता येत नाही. मग माझा नाइलाज झाला. तुझ्या बाबांच्या पुस्तकाचा सुटलेला पुठ्ठा मी बुटांचे तळ चिकटवायच्या गोंदाने बसवला. आता हत्तीने ओढला तरी निघायचा नाही. फक्त त्याच्याबरोबर पहिलं पानही चिकटलंय. तेच, ज्यावर त्यांनी जाण्याआधी तुझ्यासाठी दोन ओळी लिहिल्या होत्या.

पुस्तक घेऊन बाइंडरकडे चाललोय. घरी ठेवलं तर तू पान ओढून बघशील, आणि ते फाटेल. जेवायला थांबू नकोस. परत आल्यावर मी पुस्तक पिशवीतून काढलं नाही, तर काही विचारू नकोस.

तुझी सासू मागे उभी राहून हे वाचतेय. म्हणतेय, "अहो, मांजर कुठलं आपल्याकडे? मैद्याचा डबा तर तुम्ही उघडलासुद्धा नाहीत!"