कलम तीन आणि जावई

४ मार्च
मॅडमनी बिलाचा मसुदा माझ्याकडे सोपवला. आमदार त्या, पण ऑफिसात कायद्याचं डोकं एकच. माझं. बाकीचे झेरॉक्स काढण्याच्या लायकीचे. विषय: नागरिक नसलेल्याच्या हातात बंदूक नको, सरकारी नोकरीतसुद्धा नको. आमचा जावई परदेशी आहे आणि वनखात्याची रायफल खांद्याला लावून फिरतो, हा निव्वळ योगायोग.

५ मार्च
घरी बिलाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. निश्चय.

५ मार्च, जेवणानंतर
सांगून टाकलं. लेक ताटावरून उठली. जावई म्हणाला, बाबा, रानडुक्कर पासपोर्ट बघत नाही. फालतू विनोद. ही म्हणाली, पोरीच्या संसारावर उठलात का? हिला धोरण म्हणजे काय ते कळत नाही.

९ मार्च
विधी विभागाने मसुदा तपासायला मागितला. दिला नाही. त्यांना स्वल्पविराम टाकायला आठवडा लागतो. कलम तीन: ‘नागरिक नसलेल्या कोणाच्याही ताब्यात बंदूक असणार नाही. सरकारी खातीही याला अपवाद नाहीत.’ खणखणीत!

१७ मार्च
सभागृह. मी वर प्रेक्षक गॅलरीत. नवा कोट. विरोधी बाकावरच्या म्हाताऱ्याने उठून विचारलं, पोलीस खातं नागरिक आहे का? नसेल तर त्याच्या बंदुका आजच जमा करायच्या? आणि तुरुंगाच्या? हशा. दारावरचा पहारेकरीसुद्धा हसला, कमरेला पिस्तूल लावून. मॅडमनी वर माझ्याकडे पाहिलं. अडाणी आहेत सगळे. कायद्याचा हेतू बघायचा असतो.

१८ मार्च
बिल मागे. मॅडम म्हणाल्या, आता घरी विश्रांती घ्या. माझ्या प्रकृतीची काळजी आहे त्यांना. टेबलाची किल्ली ठेवून घेतली. पद्धत असते तशी.

२३ मार्च
जावयाने राजीनामा दिला. तो, लेक आणि नात, तिघं त्याच्या देशात चालले. मी म्हटलं, अरे, बिल तर मागे घेतलं! तो म्हणाला, घेतलं बाबा, पण लिहिलं तुम्ही होतं. भलताच हळवा. अशाच्या हातात बंदूक नसलेलीच बरी.

३० मार्च
निरोप द्यायला खाली उतरायचं नाही, असं ठरवलं होतं. नाही उतरलो. तिकडे आपल्या लेकीला परकी म्हणतील, असं हिला म्हटलं. ही म्हणाली, सवय करूनच पाठवलंत की.
नातीने टॅक्सीतून हात हलवला. मी खिडकीत ताठ उभा. टॅक्सी वळून गेल्यावर हलवला. समोरच्या बाईंना वाटलं, त्यांनाच. त्यांनी पडदा ओढून घेतला.