दाराकडे तोंड करून

सोमवार, ४ तारीख

रोजनिशी लिहिण्याची मला हौस नाही. पण माझ्या आधीच्या गणवेश-प्रमुख बाई कामाचा ताबा न देताच निघून गेल्या. किल्ल्या खिडकीत आणि सुया बशीत. कुठला कोट कुणाचा, कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, हे मला आज पहिल्यापासून शोधत बसावे लागले. माझ्यानंतर जी कोणी येईल तिच्यावर ही पाळी येऊ नये, एवढ्यासाठी लिहिते आहे.

बाकी सुरुवात झकास झाली. राजवाड्यात आता राजा नाही, वस्तुसंग्रहालय आहे. मानाचे पहारेकरी मात्र अजून जुन्या थाटात उभे असतात आणि लोक तिकीट काढून त्यांना बघायला येतात. त्यांचे कपडे आता माझ्याकडे. खोली मोठी, भरपूर उजेडाची. जाड लाल लोकरीचे कोट, काळी किनार, पितळी बटणे. ओळीने टांगलेले पाहून प्रसन्न वाटले. मदतीला एक शिंपीकाका आहेत. कामापेक्षा तोंड जास्त चालते, पण हात सरळ आहे. मी नियम सांगत होते तेव्हा म्हणाले, बाई, तुम्ही आल्यापासून टांगलेले कोटसुद्धा ताठ झाले.

चिरंजीव गेल्या वर्षापासून याच पथकात आहेत. आई आपल्याच नोकरीच्या जागी येणार म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. चारचौघांत मला ‘बाळ’ म्हणायचे नाही, एवढी एकच अट त्याने घातली. मान्य केली.

बुधवार, ६ तारीख

आज सगळे पहारे फिरून पाहिले. लांब दालनाच्या टोकाला एक बंद दार आहे. त्याच्यापुढचा पहारेकरी दाराकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभा असतो. जगात कुठलाही पहारेकरी राखायच्या वस्तूला पाठ देऊन उभा राहतो. इथे का नाही, असे मी पथकप्रमुखांना विचारले. प्रथा आहे, म्हणाले. दारामागे काय आहे, तर तेही माहीत नाही. मी बागेतून वळसा घालून पाहून आले. मागे सपाट भिंत आहे. दारामागे कपाट मावेल एवढीही जागा नाही.

ताबा देण्याची पद्धतही यांची वेगळी. नवा माणूस येऊन जुन्याच्या पुढे उभा राहतो. जुना मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, “ताबा तुझा” म्हणतो. नव्याने “घेतला” म्हटले की जुना मागे न बघता चालू लागतो. हे मला आवडले. देणे-घेणे असेच स्वच्छ असावे.

शुक्रवार, ८ तारीख

त्या दारापुढच्या पहारेकऱ्यांचे कोट छातीवर झिजतात. बाकी कापड नवे, आणि छातीवर दोन्ही बाजूंना लोकरीची लव बसलेली. तळवा ठेवावा एवढ्या जागेत. माणसे दाराला टेकून आळस करतात, दुसरे काय! चिरंजिवांना फैलावर घेतले. तो म्हणाला, अगं आई, टेकणार कसे? हात लांब केला तरी दार लागत नाही. मी जाऊन स्वतः उभी राहिले. खरेच लागत नाही.

तरीही कापड झिजते आहे, हे तर खरे. उपाय सोपा आहे. माणूस फिरवायचा. पाठ दाराकडे, तोंड लोकांकडे. कोटही टिकेल, आणि छातीवरचे भरतकाम लोकांना दिसेल. व्यवस्थापक साहेबांना पटले. पथकप्रमुखांना पटले नाही. त्यांना म्हटले, कारण सांगा, मी लगेच माघार घेते. कारण त्यांच्याकडे नव्हते.

मंगळवार, १२ तारीख

आजपासून अंमल. सकाळी तिथे उंच पोरगा होता, ज्याला सगळे लंब्या म्हणतात. फार गोड मुलगा. मला मावशी म्हणतो. काल त्याच्या बाहीला रफू करून दिले, घरातला निळा धागा वापरून, कारण लाल संपला होता. मावशी, आता मी ओळखू येणार, म्हणाला.

दुपारी बदलीला दुसरा माणूस गेला, तर दारापाशी कोणीच नाही.

पथकप्रमुखांचे म्हणणे, पळाला. दोन खोल्या सोडून पलीकडच्या दालनात एक कोट पडलेला सापडला. तो लंब्याचा नाही. फार जुन्या बेताचा, हाताने विणलेल्या कापडाचा. बटणे घातलेली. आत राखाडी धूळ, बाह्यांतही. शिंपीकाकांनी तो धरून पाहिला आणि आज पहिल्यांदाच त्यांना विनोद सुचला नाही. असा टाका त्यांच्या आजोबांनीही घातला नसेल, म्हणाले.

प्रदर्शनातला कोट कुणी खोडसाळपणे टाकला असावा. उद्या चौकशी करीन.

बुधवार, १३ तारीख

प्रदर्शनातले सगळे कोट जागेवर आहेत. लंब्या घरी पोचलेला नाही. त्याची आई आली होती. माझ्यासमोर बसून पदराचे टोक पिळत होती. पळून जाणारा पोरगा डबा मागे ठेवत नाही, म्हणाली. डबा इथेच आहे, भरलेला.

आज दारावर कोणी नव्हते. पथकप्रमुखांनी माणूस दिला नाही. उद्यापासून देणार. पाठ दाराकडेच, असे साहेबांनी लेखी बजावले. लोकांना फोटो आवडले.

मी तो कागद फायलीला लावला. बोलायला हवे होते का, ते ठरत नाही.

गुरुवार, १४ तारीख, सकाळ

आठ वाजता साहेबांकडून खोलीवर परतले तर शिंपीकाका खोलीच्या दारात उभे. आत एक म्हातारा येऊन कोट खिळ्याला अडकवून गेला, म्हणाले. पांढरे केस, खूप उंच, चालणे कवायतीचे. हाक मारली तर मागे पाहिले नाही.

कोट पाहिला. विरून जाळी झालेली. बाहीवर निळा धागा.

माझा टाका मी ओळखते.

तो बागेतल्या बाकावर सापडला. ताठ बसलेला. शेजारी जाऊन बसले. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “मावशी, तुम्ही तशाच आहात की.”

मग सांगितले ते असे. मागून खांद्यावर हात पडला, “ताबा तुझा” ऐकू आले, सवयीने “घेतला” म्हणून गेला. आत दार नाही, भिंत नाही, उभे राहायचे एवढेच. खाली बसता येत नाही. पूर्वी समोर कुणाचा तरी चेहरा दिसे, असे आधीचा जाता जाता म्हणाला होता. चेहरा दिसला की उभे राहवते. हात लांब करून चाचपायचे, छाती लागते, खांदा लागत नाही. याच्या वेळी मात्र कोणीच नव्हते. वर्षानुवर्षे. आणि आज अचानक समोर एक पाठ दिसली. कुणाची, ते पाहिले नाही. मावशी, मी थांबूच शकलो नाही, म्हणाला.

सकाळचा पहारा कुणाचा होता, ते मी त्याला विचारले नाही. मला माहीत होते. कोटाची बटणे मीच लावून दिली होती. साडेसातला. गळ्याशी घट्ट होतंय, म्हणाला होता—

तोच दिवस, नंतर

दालनात कोणी नाही. दार बंद आहे. हाका मारल्या. दारावर हात आपटले. पथकप्रमुखांनी ओढून बाजूला केले. ते रडत होते, मी नाही.

लंब्या दोन दिवस आत होता, त्याचे आयुष्य गेले. तिकडचे तास सारखे नसतात, कधी वर्षे एकदम सरतात, असेही तो म्हणाला होता. आता दहा वाजत आले. म्हणजे तिकडे किती—

नाही. हिशेब नको. जायचे.

दाराशी

पाठ दाराकडे करून उभी आहे. शिंपीकाका दालनाच्या तोंडाशी आहेत, कोणाला येऊ देत नाहीत. बाई, मी उभा राहतो, म्हणाले. नको म्हटले. मुलगा माझा, हुकूमही माझा.

जो बाहेर येईल त्याच्या हाती ही वही द्यायची. म्हणून लिहून ठेवते—

हुकूम मागे घेतला आहे. यापुढे पहारेकऱ्याने दाराकडे तोंड करूनच उभे राहायचे. ही जागा रिकामी ठेवायची नाही. आतल्याला चेहरा दिसला पाहिजे. छातीवर कापड झिजेल. झिजू द्यावे. आतून अस्तर लावावे.

माझ्या बदलीला कोणीही पाठ करून उभे राहायचे नाही. चिरंजिवांनी तर मुळीच नाही. हे बजावून सांगते आहे.

ताब्यात दिले— किल्ल्यांचा जुडगा, चिठ्ठ्या लावून. सगळे कोट, नावानिशी. लंब्याचा डबा, त्याच्या आईला पोचवायचा. चिरंजिवांचा घरचा सदरा, शेजारी ठेवला आहे, कारण अंगातला आता—

मागे गार वाटते आहे.

हात पडला. उजव्या खांद्यावर. हलका आहे. बोटे सुरकुतलेली, नखाशी ती लहानपणची खूण—

तो बोलत नाही. पाठ ओळखली त्याने. हात काढून घेतो आहे—

काढू नकोस. म्हण. ताबा तुझा म्हण. बाळ—

अट मोडली. शिंपीकाकांनी ऐकले. असू दे.

म्हणाला. शेवटी म्हणाला. आवाज किती म्हातारा—

वहीचे एक टोक मागे केले आहे, दुसऱ्यावर लिहिते आहे. त्याने धरली आहे. दिले ते वर लिहिले आहे.

घेत