साखरबाईच्या रांगेत

चि. दिग्विजय यास,

उषाताईचे अनेक आशीर्वाद. तुझं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, रूपालीचे गुडघे तिला जिना चढू देत असतील आणि कुंभवलीत केमिकल कंपन्यांचा वास नेहमीइतकाच येत असेल, असं धरून चालते. (फोनच करणार होते. पण निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी तू फोन उचलून "ताई, मीटिंगमध्ये आहे" असंच म्हणतोस, म्हणून पत्र.) माझी तब्येत उत्तम आहे. हे मला स्वतःहून सांगावं लागतं, कारण इथे माझी तब्येत कुणी विचारत नाही. साखरबाईची विचारतात.

साखरबाई म्हणजे माझ्या खोलीतली दुसरी बाई. जव्हारकडची. भाचीचं कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातं, घराला कुलूप लागतं, म्हणून ती इथे आली. आमच्या या वृद्धाश्रमात दोन तऱ्हेची माणसं आहेत. माझ्यासारख्यांचे पैसे मुलं भरतात, साखरबाईसारख्यांचे सरकार भरतं. सरकारचा माणशी दर कधीकाळी ठरला तो ठरलाच. आमच्या संचालिका अर्चनाताई म्हणतात, तेवढ्यात हल्ली दूध आणि औषधंही भागत नाहीत. म्हणजे आमच्या मनीषने हैदराबादहून पाठवलेल्या पैशांत थोडी डाळ साखरबाईचीही शिजते. शिजू दे. माझं त्यावर काही म्हणणं नाही. (आहे, पण ते मी फक्त अर्चनाताईंना आणि स्वयंपाकाच्या बाईंना ऐकवलं आहे.)

माझं म्हणणं आहे ते तपासणीबद्दल. सरकार दर वाढवत नाही, पण माणूस पाठवतं. तपासणीचे साहेब येतात, अनुदानवाल्यांना व्हरांड्यात ओळीने बसवतात आणि एकेकीसमोर वाकून विचारतात, आजी, गरम पाणी मिळतं का? झोप लागते का? कुणी ओरडत नाही ना? आणि साखरबाई, जिच्या ओरडण्याने शिरगावच्या किल्ल्यावरची कबुतरं उडतील, ती पदराआड लाजते! मग फोटो. मागच्या खेपेला मी दारात उभी होते, तर साहेब म्हणाले, "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय." तारापूरच्या कॉलनीत जिने महिला मंडळ चालवलं, ती बाई आता उजेड अडवते.

या खेपेला मी साखरबाईकडे तिचं जुनं लुगडं मागितलं. "कशाला गं उषाबाय?" म्हणाली. मी म्हटलं, सहज. ते नेसले आणि ओळीच्या टोकाला जाऊन बसले. काय सांगू दिग्या, मनीषच्या बाबांनीसुद्धा मला कधी इतक्या मायेने काही विचारलं नव्हतं. गुडघे दुखतात का? मी म्हटलं, फार. (मुळीच नाही.) मग साहेब म्हणाले, "आजी, तुमचं कोण आहे?" मी आवाज खोल नेऊन म्हटलं, "कुणी नाही हो."

तेवढ्यात माझ्या कमरेच्या पिशवीतून मनीष बोलला, "आई, मग मी दर महिन्याला पैसे कुणाचे भरतोय?"

(मघाशी पिशवीत काहीतरी थरथरलं म्हणून मी वरूनच दाबलं होतं. फोन बंद झाला असं मला वाटलं. तो उचलला गेला होता, तोही स्पीकरवर.)

साहेबांचा चेहरा बदलला. एकाच म्हातारीचे पैसे मुलाकडूनही आणि सरकारकडूनही, असा त्यांनी अर्थ काढला. चौकशी होईपर्यंत सगळ्यांचंच अनुदान थांबवावं लागेल, म्हणाले. अर्चनाताईंनी भिंतीचा आधार घेतला. मग साखरबाईच उठली. "साहेब, ती आमच्यातली नाय. तिला फकस्त तुमी इचारलेलं हवं हाय. इचारा तिला काय ते, आन् जावा."

कुणीही हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

अनुदान थांबलं तर साखरबाईला दूरच्या सरकारी आश्रमात हलवणार, असं संध्याकाळी कळलं. ती आपली पिशवी भरायला लागली. सबंध खोली मला एकटीला मिळणार होती, दिग्या. मी तिची पिशवी कॉटवर उपडी केली आणि त्या रिकाम्या पिशवीवर बसून राहिले. "तू येडी हायस," ती म्हणाली. पण पुन्हा भरली नाही.

बाकी क्षेम. रूपालीला आशीर्वाद, आणि गुडघ्यांना तेल.

तुझी,
उषाताई

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण असं की मंगळवारी पालघरला चौकशी आहे. तू ये आणि साहेबांना सांग, "आमच्या ताईला ही लहानपणापासूनची खोड आहे. माझ्या वाढदिवसाला ओवाळून घ्यायला पाटावर हीच बसायची."

ता. क. २ पाकीट चिकटवणार तोच अर्चनाताई आल्या. माझ्या नावावर अनुदान नसल्याचे कागद त्यांनी साहेबांना दाखवले, मी माफी लिहून दिली होतीच, साहेबांनी प्रकरण मिटवलं. चौकशी नाही. दर आहे तेवढाच राहिला, पण साखरबाईही राहिली.

तरीही मंगळवारी ये. तिची भाची लाडकी नवऱ्याला आणि पोरांना घेऊन भट्टीवरून भेटायला येतेय, अख्खा टेम्पो भरून. माझ्या कॉटवर निदान एक माणूस तरी बसलेलं दिसू दे.