मामाच्या मुलाची पेटी

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता, म्हणून मी आता काय करते ते आधी सांगायला हवं. अमरावतीत पॉलिटेक्निकमध्ये शिकवते आणि एका मासिकासाठी घरात वापरायची यंत्रं तपासून त्यांच्यावर लिहिते. लोक यंत्र पाठवतात, मी ते चालवून पाहते, जरा छळून पाहते आणि चांगलं की वाईट ते लिहून परत करते. हे ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसला असता आणि म्हणाला असता, म्हणजे तूबी ग्रेडरच झालीस. मला ते आवडलं नसतं. जन्मभर तुम्ही सरकारी खरेदी केंद्रावर कापसाच्या बैलबंड्यांसमोर उभे राहिलात, हातात कापूस घेऊन ग्रेड सांगत राहिलात, आणि संध्याकाळी घरी आलात की अंगावरची धूळ झटकण्याचंही त्राण तुमच्यात नसायचं. तसला थकवा आपल्याला नको, असं मी शाळेतच ठरवलं होतं. या उन्हाळ्यात तो मला आला.

गोष्ट मामाच्या मुलाची आहे. तुम्ही त्याला पाहिलंत तेव्हा तो चड्डीत गावभर पळायचा. आता त्याचं अमरावतीत बसस्टँडच्या मागं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सलग वाईट वर्षं गेल्यावर मामानं शेती बटाईनं दिली आणि तोही इकडेच आला. दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो, गिऱ्हाइकाला पाणी देतो. तर या मुलानं एक पेटी तयार केली. बुटांच्या खोक्याएवढी, पत्र्याची. आत दोन डिस्क. घरातल्या सगळ्यांचे फोटो, लग्नाच्या शूटिंगा, सातबारा, मार्कशीट असं सगळं तिच्यात ठेवायचं आणि घरातल्या कुठल्याही खोलीतून, फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून, उघडायचं. दोन डिस्क कशासाठी, तर दोन्हींत एकच मजकूर असतो. एक मेली तरी दुसरी घर सांभाळते. मोठ्या कंपन्यांच्या अशा पेट्या मिळतात, पण त्या महाग, आणि बिघडल्या तर पुण्याला पाठवाव्या लागतात. यानं सुटे भाग आणून, पत्र्याचं खोकं इथल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून वाकवून घेऊन, इथेच दुरुस्त होईल अशी पेटी बांधली. फोटो स्टुडिओवाल्यांनी, एका दातांच्या डॉक्टरनं मागणी नोंदवली होती. मासिकात चार बरे शब्द आले तर अकोल्यापर्यंत विकली जाईल, असं त्याचं गणित. पेटी माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ताई, तुले जे करायचं ते कर. पण मनापासून पाहा." मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. आपल्या घरातल्या कुणीतरी काहीतरी बांधलं होतं.

मे महिना होता. गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत मी काम करते, तिथं दुपारी हात टेकवला तरी टेबल पोळतं. पहिले दोन दिवस पेटीनं मला खूश केलं. लग्नाची एक लांबलचक शूटिंग तिच्यात टाकली, ती एकसारख्या वेगानं गेली, मध्ये अडखळली नाही. मग हजारो बारीकसारीक फोटो टाकले. मोठ्या फाइलला सगळीच यंत्रं पळतात, बारक्या फाइलींना दमतात. ही थोडीच दमली. खाली आई फोनवर कीर्तन पाहत होती, शेजारच्या खोलीत मी दुसरं काही पाहत होते आणि वर तिसऱ्या यंत्रावरून फोटो जात होते, तरी आईचं कीर्तन थांबलं नाही. आवाजही फारसा नव्हता. मग लोडशेडिंग होतं तसं, फोटो जात असताना मध्येच प्लग ओढला. पुन्हा लावल्यावर पेटीनं थोडा वेळ स्वतःला तपासलं आणि सगळं जागेवर होतं. मी त्याला फोन करून सांगितलं तर पलीकडून मामाचा आवाज आला, काय म्हणे, काय म्हणे. मुलगा म्हणाला, पास होऊन राह्यली.

शेवटची चाचणी बाकी होती. चालत्या पेटीतून एक डिस्क ओढून काढायची, तिच्या जागी कोरी डिस्क घालायची आणि उरलेली डिस्क तिच्यावर सगळं उतरवून काढते का ते पाहायचं. पेटी घ्यायची ती याच दिवसासाठी. हे काम तासन्‌तास चालतं आणि त्या वेळी पेटीला विसावा नसतो. सकाळी सुरू केलं. दुपारी ऊन चढलं तशी पेटी तापत गेली. मागचा पंखा गरगरत होता, पण पुढून हवा आत यायला पत्र्यात वाटच नव्हती. तो आतलीच गरम हवा ढवळत होता. चहा घेऊन वर आले तेव्हा पेटीवरचे दिवे विझलेले होते. उरलेली डिस्कही बंद पडली होती. गार झाल्यावर सुरू केली तर बरेच फोटो अर्धे उघडत होते. वरच्या अर्ध्यात मांडव, नवरीचा चेहरा, खाली नुसता करडा रंग. माझ्याकडे मूळ प्रती होत्या, म्हणून माझं काही गेलं नाही. स्टुडिओवाल्याकडे असत्या की नाही, सांगता येत नाही. डॉक्टरकडे तर नसत्याच. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले आणि बाबा, तेव्हा मला तुमचं केंद्र आठवलं.

मी नववीत आहे. दिवाळीच्या आधीचे दिवस. आईनं डबा देऊन मला केंद्रावर पाठवलंय. फाटकाबाहेर बंड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, बैल सोडलेले, माणसं बंडीखाली आडवी झालेली. काल अवकाळी पाऊस पडून गेलाय आणि सगळीकडे ओल्या तागाचा वास आहे. रांगेत पुढंच मामा उभा आहे. बार्शीटाकळीकडून आलाय, तीन-चार दिवस रांगेत आहे, डोळे लाल. मला पाहून तो हसतो, खिशातली बोरं माझ्या हातावर ठेवतो. म्हणतो, आता भाऊजीच ग्रेडर आहेत तर काय काळजी. मग त्याची बंडी आत येते आणि तुम्ही येता. तुम्ही त्याच्याकडे पाहत नाही. वरचा कापूस पाहत नाही. हात कोपरापर्यंत आत घालता, तळातला कापूस काढता, गालाला लावता, सरकी दाताखाली धरता. ती कट्‌ वाजत नाही, नुसती दबते.

"ओल आहे," तुम्ही म्हणता आणि खालचा ग्रेड सांगता.

मामा हळूच म्हणतो, "भाऊजी, वरून पाहा ना. वरून कोरडा आहे."

"वरून सगळ्याचाच कोरडा असते."

"पण पाणी मी नाही मारलं. इथंच रांगेत भिजला."

"ओल कुठून आली ते मले लिहा लागत नाही. आहे का नाही, तेवढंच."

मामानं बंडी वजनकाट्याकडे वळवली. बोरं माझ्या मुठीत घामेजली होती आणि मी ती फाटकाबाहेर टाकली. तुम्ही डबा उघडून जेवायला बसलात, मला म्हणालात, पाणी दे. त्या भाऊबीजेला आई ताट सजवून दारात बसली आणि मामा आला नाही. संध्याकाळी तिनं निरांजन विझवलं आणि तुम्हाला एकच वाक्य बोलली, "कापसाले ग्रेड असते, माणसाले नसते का?" त्यानंतर मामा आपल्याकडे आला तो तुम्हाला खांदा द्यायलाच. तोपर्यंत किती भाऊबीजा गेल्या ते आईला विचारलं तर ती अजून विषय बदलते.

पेटी बंद पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ती घेऊन दुकानात गेले. मामा दाराशी बसलेला होता. मुलाला मी सगळं सांगितलं, अर्धे फोटो दाखवले. त्यानं एकेक फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला की चूक पेटीची नाही, माझ्या टिनाच्या खोलीची आहे. एसीत ठेवली असती तर चालली असती. मी म्हटलं, पेटी तू याच गावात विकणार आहेस ना. तो हसला, पण बरं हसला नाही.

"ताई, मे महिन्यात इथं कोणाचं काय चालते? माणसंच बंद पडून राह्यले."

खरंच होतं ते. या उन्हाळ्यात दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यावर तेच दिसत होतं. त्यानं विचारलं, लिहिशील का. मी म्हटलं, लिहीन, पण पुढून जाळी कापून मोठा पंखा लावलास तर पुन्हा तपासून तेही लिहीन. तो म्हणाला की स्टुडिओवाल्यांना पेट्या आठवड्यात द्यायच्या आहेत, लग्नसराई संपली की मग त्यांना कशाला लागतात. आम्ही एवढं बोललो. मी निघाले तेव्हा मामा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बापाचीच पोरगी आहे." हे तो कौतुकानं म्हणाला की कसं, ते मला तेव्हा कळलं नाही. घरी येऊन आईला सांगितलं तर तिनं भाजी निवडणं थांबवलं आणि विचारलं, आता माझा भाऊ पुन्हा तुटणार का. बाबा, मी पन्नाशीला आले. आईला उत्तर देताना मला नववीतल्यासारखं वाटलं.

मी लिहिलं. वेग चांगला, आवाज कमी, वीज गेली तरी सावरते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात भरवसा ठेवू नये. शेवटचं वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं. मुलानं पेट्या दिल्या नाहीत, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. स्टुडिओवाल्यांना स्वतः जाऊन सांगून आला. त्यांनी दुसरीकडून घेतल्या. पुढं त्यानं पत्रा कापून जाळी बसवली, मी तीच चाचणी त्याच खोलीत पुन्हा घेतली, पेटी टिकली, मासिकानं ते दोन ओळींत छापलं आणि ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. डॉक्टरनं एक घेतली. बाकीच्या त्याच्या दुकानात कपाटावर आहेत. तो आता प्रिंटर दुरुस्त करतो.

राखीला आईच म्हणाली, पोरगा येणार नाही, आपण जाऊ. आम्ही गेलो. मुलानं हात पुढं केला, मी राखी बांधली. मामीनं चहा केला. तो पॉलिटेक्निकच्या मुलांविषयी विचारत राहिला, पेटीचं नाव कुणी काढलं नाही. आई आत मामीशी बोलायला गेली तेव्हा मामानं खुर्ची जवळ ओढली. त्याला आता कमी ऐकू येतं, म्हणून तो हळू बोलतो, उलटंच आहे. म्हणाला की तुझा अहवाल पोरानं मला वाचून दाखवला, त्यात खोटं काही नाही.

"तसं पाह्यलं तर माह्या कापसातबी ओल होतीच," तो म्हणाला. "भाऊजी खोटं नाही बोलले. पण त्यायनं एकडाव मले विचाराले पाह्यजे होतं, किती दिवसापासून उभा आहेस म्हणून. जेवला का म्हणून. बस, तेवढंच."

मी त्याच्या पायाशी बसले होते. मलाही आठवलं की पेटी बांधायला किती रविवार गेले, पैसे कुठून उभे केले, यातलं मी मुलाला काहीच विचारलं नव्हतं. दुकानात गेल्यागेल्या आधी अर्धे फोटो दाखवले होते. तुमची बाजू घ्यावी असं वाटलं, पण घेता आली नाही. तुम्ही त्या रांगेतल्या प्रत्येकाला विचारलं असतंत तर दिवसभरात कुणाचाच ग्रेड सांगून झाला नसता, हे मला आता या कामामुळे कळतं. पण मामा म्हणजे रांगेतला प्रत्येकजण नव्हता.

हे कागद मी कुठं ठेवणार नाही, त्या पेटीतही टाकणार नाही. लिहून झाले की चुलीत जातील. लोक मला म्हणतात की तू वडिलांसारखी सरळ आहेस आणि मी मान हलवते. तुम्हाला एवढंच सांगायचं राहिलं होतं, बाबा. त्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभी असताना तुम्ही खोटं बोलावं असं मला फार वाटत होतं, आणि तुम्ही तेव्हा खोटं बोलला असतात तर आजही मला चाललं असतं.