मधली सळई

९ फेब्रुवारी २००६, अमरावती
मिळाली! भिंत मला मिळाली. अकोल्याजवळ गोदाबाईंच्या बचत गटाचं गोदाम. सोयाबीन निघालं की पडेल भावात विकावं लागतं, म्हणून या बायकांना ते साठवून ठेवायचंय. आमच्या ऑफिसचे भगवंतराव सर म्हणाले, "उज्मा, डिझाइन तू कर. मी तपासतो." दीड वर्ष ऑफिसात नुसते नकाशे गिरवले — आणि आता अख्खी भिंत! अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "एकच? बाकीच्या तीन कोण करणार?"

१३ फेब्रुवारी
सिमेंटचे पोकळ ठोकळे, पोकळीत उभ्या सळया, वरून काँक्रीट. आतलं सुटं सोयाबीन भिंतीला बाहेर ढकलणार, सळई तिला धरून ठेवणार. तीनदा गणित केलं, तीनदा तेच उत्तर. सरांनी सही केली. जेवताना ताटातल्या भाताचाही दाब काढून पाहिला.

२० फेब्रुवारी
साइटवर गेले. चार थर चढलेत. सहदेव मिस्त्री म्हणाला, "मॅडम, तीस वर्सं झाले भिती बांधून राहिलो, भितीत सळई पयल्यांदाच पाहून राहिलो." गोदाबाईंनी ठोकळ्यावर हात ठेवून विचारलं, "टिकन ना वं माय हे?" म्हटलं, "बिनधास्त भरा." परतीच्या बसमध्ये एकटीच हसत होते.

२१ फेब्रुवारी
सळई भिंतीच्या मधोमध आहे. गणितात मी ती कडेला धरली.

२२ फेब्रुवारी
सकाळीच सरांना सांगितलं. सळई मधोमध, म्हणजे तिचा जोर जवळपास निम्माच, आणि भिंत माझ्या उत्तरापेक्षा कितीतरी कच्ची. सरांनी कागद ओढून घेतला आणि माझं गणित ओळीओळीनं तपासलं. मग हळूच — "ही पद्धत माझ्या जुन्या फायलीतून घेतलीस?" म्हटलं, "हो."
"आधी काम थांबव."
फोन लावला. सहदेव म्हणाला, "काँक्रीट अजून भरलंच नाई. बोला, काय करू?" ऑफिसातच नाचावंसं वाटलं. संध्याकाळपर्यंत नवं गणित — बाहेरून दर आठ फुटांवर, पायापासून उचललेले टेकूचे खांब. या वेळी पाचदा तपासलं. गोदाबाई फोनवर म्हणाल्या, "आताच सांगतलं, बरं केलं वं."

२४ फेब्रुवारी, बडनेरा
सरांबरोबर आले. त्याच जुन्या फायलीतलं, सरांच्या डिझाइनचं चार वर्षांपूर्वीचं गोदाम. सुट्या तुरीनं भरलेलं. भिंत बाहेर किंचित फुगलेली. सर मालकाला म्हणाले, "माल आजच भिंतीपासून मागे घ्या. चूक माझी आहे. या आमच्या इंजिनियर, उज्मा मॅडम. पुढचं या सांगतील."