माझ्यामागे लागलेला शौल

५ फेब्रुवारी, बुधवार
घरप्रार्थना संपल्यावर पाळकसाहेब म्हणाले, यादवकाका, पुढच्या बुधवारी वचन तुम्ही समजावून सांगा. शौल राजा जळफळून दावीदाच्या पाठी लागतो, तो भाग. मी सातवी पास. तरी हो म्हणालो. बायबल काढून उशाशी ठेवलंय.
इतकी वर्षं या प्रार्थनेत पेटी माझी. पण आता तो तरणा धनराज ढोलकी घेऊन आला आणि चंद्रभागाबाई म्हणतात, "काकांनी पेटी वाजवली, पण धनराजनं घर डोलवलं." आता त्याला पेटीही शिकायचीय. माझी जागा धोक्यात.

६ फेब्रुवारी, सकाळी
उतारा वाचला. अंगावर काटा आला. ही तर माझीच गोष्ट! दावीद वाद्य वाजवायचा, मीही वाजवतो. शौल सगळ्यांपेक्षा डोकंभर उंच. धनराज आमच्या दारातून वाकून येतो. आणखी पुरावा कशाला?
बायको, सगुणा, मेथी निवडत होती. तिला सांगितलं. म्हणाली, "अहो, तो पोरगा तुमच्या पाया पडतो." शौलही मधूनमधून गोड बोलायचा.
ठराव : मनात काही ठेवायचं नाही. फक्त नजर ठेवायची.

८ फेब्रुवारी
सराव. धनराजनं ढोलकी वाजवली. बरी वाजवतो. माझ्या हातातून छत्री उडाली, त्याच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आपटली. वारा नव्हता. फेब्रुवारीत छत्री कशाला नेली, सगुणाचा प्रश्न. ऊन असतं.

९ फेब्रुवारी
आधीचं थोडं वाचलं. दावीद वाजवत असताना शौल भाला फेकतो. भाला भिंतीत घुसतो. काय माणूस! वाजवणाऱ्यावर कोणी काही फेकतं का?

१० फेब्रुवारी
एसटीनं पिंपळगावला गेलो. धनराज तिथे द्राक्षांच्या पॅकहाउसात कामाला. माझ्याविरुद्ध काय बोलतो, ते कळायला हवं. क्रेटच्या थप्पीमागे उभा राहिलो. बराच वेळ नुसता घडांबद्दल बोलत होता. धूर्त.
तेवढ्यात गडी नवे क्रेट रचू लागले. माझ्या मफलरचं टोक त्यात दाबलं गेलं. मफलर तिथेच सोडून पळालो. एसटीत फार थंडी वाजली. दावीदाचेही असेच हाल झाले.

१२ फेब्रुवारी, दुपारी
भाषण तयार. नाव कोणाचं घेणार नाही. शौलाची उंची सांगताना फक्त त्याच्याकडे बघीन. बीपीची गोळी घेतली.

१३ फेब्रुवारी
काल प्रार्थनेला आल्यावर चपला काढताना धनराजनं मला बाजूला घेतलं. घडी घातलेला मफलर दिला. टोक वीतभर कमी. "काका, थप्पीत पार अडकला होता. घडांच्या कात्रीनं कापावा लागला, माफ करा. तुम्हाला बघितलं होतं मी. पण हाक मारली असती तर पोरं हसली असती."
गळ्यात घातला. गार होतं.
मग वाचायला उभा राहिलो. दावीद गुहेत लपलेला. शौल एकटाच आत येतो, आयता हाती सापडतो. दावीद त्याला मारत नाही. त्याच्या झग्याचं टोक तेवढं कापून घेतो, मग लांबून दाखवतो, की बघ, टोक कापलं, पण तुला हात लावला नाही.
इथे थांबलो. हात मफलरकडे गेला. धनराज खाली सतरंजीकडे बघत होता. पाणी मागितलं. "पुढे शौल रडतो," एवढंच सांगून बसलो. उंचीचं राहूनच गेलं.
चंद्रभागाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "इतकी वर्षं ऐकते, पण शौल असा डोळ्यांपुढे कधी उभा राहिला नव्हता, यादवभाऊ."
शेवटच्या गीताला पेटी धनराजपुढे सरकवली. गुडघा दुखत होता म्हणून. दोनदा चुकला. कोणाला सांगितलं नाही.
आज सगुणा म्हणाली, मफलरचं टोक शिवून देते. नको म्हटलं. मग विचारते, "आता शौल कोण?"
उठून दाराच्या चौकटीखाली उभा राहिलो. वाकावं लागलं नाही. डोक्यावर वीतभर जागा उरली.
उंचीवर एवढा भर द्यायला नको होता.