बिनमिठाची भाजी

४ फेब्रुवारी
आजही ताट तसंच परत! डॉक्टरांनी मूत्रपिंडापायी बाबांचं मीठ तोडलं, आणि बाबांनी जेवणच सोडलं. "भुसा आहे नुसता!" म्हणे. मनगटाची हाडं वर आली आहेत. ओरडले त्यांच्यावर. मग ओट्याशी उभी राहून रडले.

७ फेब्रुवारी
आमच्या बोटदुरुस्तीच्या वर्कशॉपमागे, खाऱ्या चिखलाच्या काठाने, एक झुडूप जमिनीसरपट पसरलं आहे. जाडसर, राखी पानं. वेल्डर त्याचे शेंडे खुडत होता.
"खातात हे?"
"म्हणजे काय! आजीपासून खातोय. मीठ टाकायचीसुद्धा गरज नाही बघा, ताई!"
देवच पावला! रिकामा डबा भरून आणला.

८ फेब्रुवारी
जेवले!! दोनदा मागून घेतलं!

१९ फेब्रुवारी
रोज ती भाजी, त्यांच्यापुरतीच; मला चाखायलाही उरत नाही. रोज ताट स्वच्छ. पण पावलं सुजली आहेत, बोट दाबलं की खड्डा पडतो. डॉक्टर माझ्यावरच डाफरले— "पोटात मीठ जातंय. कोण देतंय?" मी तर चिमूटभरही टाकत नाही. दादा जहाजावर. दिवसभर घरी कोण? वहिनी.

२० फेब्रुवारी
वहिनीच्या कपाटात मिठाची बरणी सापडली!
"माझ्या ताटापुरती आहे हो, वन्सं. शप्पथ!"
"सासरा जड झाला म्हणून सांग ना सरळ!"
बोलून गेले. तिने बॅग भरली आणि माहेरी निघून गेली. जाऊ दे. घर तरी निर्धोक झालं.

२३ फेब्रुवारी
सूज गुडघ्यापर्यंत. दोन पावलं चालले की धाप लागते. वहिनी नाही, बरणी नाही, तरी!
काल पानं उकडलेलं पाणी मंद गॅसवर विसरले होते, आटून गेलं. पातेल्याला पांढरा थर. बोटाने खरवडून चाटला.
मीठ.
रोज माझ्याच हाताने वाढत होते. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी!

२४ फेब्रुवारी
बाबांना दवाखान्यात दाखल केलं. वहिनीला तीनदा फोन लावला, उचलत नाही. कुठल्या तोंडाने बोलणार होते, कुणास ठाऊक.

२५ फेब्रुवारी
बाबांना सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठाऊक होतं मला. पहिल्याच घासाला कळलं."
आणि वहिनी शपथा घेत होती तेव्हा हे समोरच बसले होते— जेवत!